बर्म्याचा ताप

लढाई संपली त्या हिवाळ्यात आमच्या गावात तापाची साथ आली आणि गावानं तिला नाव ठेवलं बर्म्याचा ताप. माझे मालक तेव्हा बर्म्याच्याच लढाईवर गेलेले होते, आणि त्यांची वाट बघण्यापलीकडं मला दुसरं काही सुचत नव्हतं.

गाव उंब्रजपासून पायी जायच्या टप्प्यात. मी मूळची सांगलीची. माझे वडील तिथल्या हळदीच्या पेठेत तोलाईचं काम करत, त्यामुळं आमच्या घरातल्या साऱ्या कपड्यांना बारमाही पिवळी झाक असायची. लग्न होऊन मी इकडं आले आणि थोड्याच दिवसांत मालक पलटणीत परत गेले. मधे एकदा ऐन सुगीत सुट्टीवर आले होते. दिवसभर रानात, संध्याकाळी भाऊबंदांच्यात. सासूसमोर नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. आमचं बोलणं व्हायचं ते पाण्याचा तांब्या देता-घेता. ते गेले तेव्हा मी दाराच्या आडूनच बघितलं.

पुढं फार काळ गेला. त्यांचा चेहरा मला नीट आठवेनासा झाला. कानाची पाळी आठवायची, चालताना एक खांदा जरा खाली जायचा तो आठवायचा, पण सगळा माणूस एकत्र डोळ्यांसमोर येत नसे. मी हे कुणाला सांगणार? सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात सासूबाई आणि मी अशा दोघीच. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. रान चुलतदीर वाट्यानं करत. आत्याबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या, पण जेवायला बसताना लेकाच्या नावानं एक घास पानाच्या कडेला काढून ठेवायच्या आणि मग तो गाईला घालायच्या. एकही दिवस चुकला नाही.

लढाई थांबल्याची बातमी आली तेव्हा गावात साखर वाटली. हळूहळू एकेक शिपाई घरी यायला लागला. आमच्या गावात पहिला आला तो वरच्या आळीतला. त्याला वेशीपासून हलगी वाजवत आणला. त्यानं आणलेला पत्र्याचा डबा, घोंगडीसारखं जाड ब्लँकेट, खिशातला आरसा बघायला सगळं गाव त्याच्या सोप्यात जमलं. मीसुद्धा बायकांच्या घोळक्यात जाऊन आले. मला त्याचं सामान बघायचं नव्हतं. बर्म्यातून आलेला माणूस कसा दिसतो, ते बघायचं होतं.

चार-सहा दिवसांनी त्याच्या घरात सगळे अंथरुणाला खिळले. अंग मोडून ताप, कोरडा खोकला, डोकं वर उचलवत नाही. मग शेजारच्या घरात, मग त्याच्या पलीकडच्या. गुऱ्हाळं लागलेली होती. ऊस तोडायला माणूस मिळेना आणि गुळाची चुलवाणं थंड पडली. वरच्या आळीतली एक म्हातारी गेली, पाठोपाठ एक तान्हं मूल गेलं.

बर्म्याचा ताप हे नाव पहिल्यांदा कोण बोललं, मला माहीत नाही. मी ते पाणवठ्यावर ऐकलं. एकीनं दुसरीला विचारलं, "तुज्या दिराला काय झालंय?" ती म्हणाली, "त्योच की, बर्म्याचा ताप." तिनं ते इतक्या सहज म्हटलं की जणू हिवताप, देवी, पटकी यांच्यासारखा हाही एक जुनाच ताप होता. नाव मिळालं तसं लोकांना बरंही वाटलं असावं. ताप कुठून आला, कुणी आणला, पुढं कुणाला जपायचं, सगळं त्या एका नावातच आलं. गावानं मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेला, दारादाराला लिंबाचे डहाळे लागले, आणि वरच्या आळीतल्या त्या शिपायाच्या घरापुढून जाताना बायका पदर नाकाला लावायला लागल्या. हलगी वाजवणारा तर त्या आळीला जाईचना.

आधी बायका मला चेष्टेनं विचारायच्या, "काय गं, कवा येणार तुजा पलटणवाला?" आता प्रश्न तोच होता, पण विचारताना घागर बाजूला ओढली जायची.

एका सकाळी पाटील आमच्या दारात आले. आत बसले नाहीत. अंगणातनंच म्हणाले, "वैनी, तुमचा ल्योक येणार आसं ऐकलंय. गावाचं म्हणणं हाय..."

आत्याबाईंनी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, "मला कळतंय. माजा ल्योक वढ्यापल्याड मळ्यातल्या खोपीत ऱ्हाईल. आठ-धा दिस गावात पाय ठेवणार न्हाई."

पाटील भांडायच्या तयारीनं आले होते. ते तसेच मान हलवून गेले. मी चुलीपुढं बसले होते. मला आत्याबाईंचा इतका राग आला की हातातली भाकरी तव्यावर करपली तरी कळलं नाही. ज्या बाईनं इतकी वर्षं घास काढून ठेवला, तीच लेकाला वेशीवर अडवायचं कबूल करते? मी एका शब्दानं विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

ते आले ती वेळ दुपारची. उंब्रजहून चालत येताना त्यांना कुणीतरी बघितलं आणि निरोप आमच्यापर्यंत आधी पोचला. आत्याबाई भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन ओढ्यावर गेल्या, मी त्यांच्या मागं. ओढा रुंद नव्हता. मधे दगड टाकलेले, त्यावरून माणूस सहज पलीकडं जाई. पलीकडच्या पायवाटेनं खाकी कपड्यातला एक माणूस डोक्यावर ट्रंक घेऊन येताना दिसला. एक खांदा जरा खाली.

त्यांनी पहिल्या दगडावर पाय ठेवला आणि आत्याबाई ओरडल्या, "तितंच थांब!"

"आई, मी हाय."

"वळखलं मी. तितंच थांब."

त्यांना वाटलं काही ओवाळायचं असेल. हसत थांबले, ट्रंक खाली ठेवली. आत्याबाईंनी अलीकडूनच तुकडा ओवाळला आणि पाण्यात टाकला. तांब्यातलं पाणीही ओढ्यातच ओतलं. मग म्हणाल्या, "गावात ताप हाय. लोक म्हंत्यात लढाईवाल्यांनी आणलाय. खोपीत सगळं ठेवलंय. तितं ऱ्हा, मग घरात ये."

"मला ताप न्हाई, आई."

"रंग बघ तुजा."

त्यांचा रंग खरंच पिवळट झाला होता. हात, गळा, डोळ्यांच्या कडा सगळं हळदीचं पाणी लावल्यासारखं. ते म्हणाले, "ह्यो गोळ्यांचा रंग हाय. हिवताप हुईल म्हणून रोज पुढ्यात उभं करून गिळाय लावायचे. समद्या पलटणीचा आसाच झालाय."

"आसंल," आत्याबाई म्हणाल्या. "तरी तितंच ऱ्हा."

आणि वळून घराकडं चालायला लागल्या. मी क्षणभर थांबले. ते माझ्याकडं बघत होते. चेहरा पूर्ण दिसला मला, इतक्या दिवसांनी. मिशी आलेली, गाल आत गेलेले. मग मलाही वळावं लागलं. घरी आल्यावर आत्याबाई जात्यापुढं बसल्या. खुंट्यावर हात ठेवला आणि बराच वेळ दळलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून जेवण पोचवायचं काम माझ्याकडं आलं. ओढ्याच्या मधल्या मोठ्या दगडावर मी भाकरीचं फडकं आणि कालवणाची लोटकी ठेवायची, मग मागं येऊन काठावर बसायची. ते येऊन घ्यायचे आणि पलीकडच्या काठावर बसून जेवायचे. भांडं परत न्यायचं म्हणून मला थांबावंच लागे. मधे वाहतं पाणी, आजूबाजूला उसाची रानं, आणि आम्हा दोघांना ऐकणारं कुणी नाही. लग्न झाल्यापासून आम्ही पहिल्यांदा बोललो ते तिथं.

सुरुवातीला ते विचारायचे आणि मी हो-नाही म्हणायची. मग एकदा त्यांनी विचारलं, "तुला सांगलीची सय येती का गं?" इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगायला लागले ते थांबेचना. हळदीची पेठ, कृष्णेचा घाट, मिरजेहून येणाऱ्या गाडीची शिट्टी, थोरल्या बहिणीचं लग्न. ते ऐकत राहिले. कालवण गार झालं. मग त्यांनी मला बर्म्यातली नदी सांगितली, इतकी रुंद की पलीकडचा काठ दिसत नाही. पावसात उभं राहून भिजलेली चपाती खाल्ली ते सांगितलं. पण मेलेल्या माणसांचं काही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

त्यांना आंघोळ करायची असली की मी ओरडायची, "आवं, खालच्या अंगाला! वरच्या पाण्यात नगं!" ते मुद्दाम वरच्या बाजूला दोन पावलं जायचे आणि मग हसून खाली यायचे. दाढी करताना आरशाचा कवडसा माझ्या लुगड्यावर पाडायचे. मी पदर झटकायची, तो परत यायचा. मी असं हसले नव्हते त्या घरात कधी. मला वाटायचं, हे आठ-दहा दिवस असेच लांबत जावेत. आणि त्याच वेळी वाटायचं की हा माणूस माझ्याजवळ कधी येणार.

एक दिवस चुलतदीर उंब्रजच्या बाजारातून रागानं लाल होऊन आले. गूळ घेऊन गेले होते. ओढ्याकाठी येऊन मालकांना सांगायला लागले, "आडतीवर मला लांब बसिवलं रं. म्हंत्यात, तुमच्या गावचा ताप हाय, इकडं नगा येऊ. आमच्या गावचा म्हणं! आमी केला काय त्यो?"

मालक आधी खूप हसले. मग म्हणाले, "आमच्या छावणीत पण ताप आलता. नवी भरतीची पोरं देशाकडनं आली, तवा. आमी तितं त्याला काय म्हणायचो ठावं हाय? देशाकडचा ताप."

चुलतदिरांनी मुंडासं सोडून परत बांधलं आणि ते घराकडं निघाले.

खोपीतले दिवस संपत आले होते. त्यांना शिंकही आली नव्हती. आणि मग ताप मला आला. पाणवठ्यावरून येताना डोळ्यांपुढं अंधारी आली, घागर कशीबशी उंबऱ्यात ठेवली आणि मी तिथंच बसले. पुढचं मला तुटक आठवतं. आत्याबाईंचा थंड हात कपाळावर. वाकळांवर वाकळा. हाडं कुणीतरी पिळतंय असं. मला एवढंच सुचत होतं की आज दगडावर भाकरी कोण ठेवणार.

भाकरी गेली नाही म्हणून ते वाट बघून बघून निघाले. भर दिवसा, सगळ्या गावासमोर ओढा ओलांडून आले. त्यांच्यामागं माणसं ओरडत आली. त्यांचा आवाज अंगणात ऐकला तेव्हा मला वाटलं तापात भास होतोय.

आत्याबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "माघारी फिर."

"आई, मी आत न येता ताप आत आलाय. आता कुणाला आडवतीस?"

"तुला आडवतीया. तुला व्हईल."

"मला?"

"मग कुणाला? गाव काय म्हणतंय त्याचं मला काय बी न्हाई. तू आत येऊ ने म्हणून तुला तितं ठेवला मी. घरात ताप शिरला तर तू तरी भाईर ऱ्हावास."

मी आतून ऐकत होते. इतके दिवस मी मनात धरलेला राग त्या एका वाक्यानं कुठंच्या कुठं गेला. मग त्या खालच्या आवाजात बोलायला लागल्या आणि तेव्हा त्यांनी एक जुनं नाव घेतलं.

"मानमोडी आलती तवा तू न्हवतास. मी नवी नवरी. माजा भाऊ पयल्या लढाईवरनं आला, आन् समदी त्याला भेटाय एका घरात जमली. आई, बा, दोन भनी. मला सासरनं सोडलं न्हाई म्हणून मी जगले. माहेराला जाऊन बघितलं तर दाराला कडी लावाय सुदीक कोण उरलं न्हवतं."

त्यांनी ही गोष्ट लेकाला कधी सांगितली नव्हती. गावातली जुनी माणसं पहिल्या लढाईच्या वेळच्या त्या मोठ्या तापाच्या साथीला मानमोडी म्हणत, पण आमच्या घरात तो शब्द मी ऐकला नव्हता. आत्याबाईंच्या समोर कुणी काढला तर त्या उठून जायच्या, एवढं आठवतं.

अंगणातली माणसं मागं सरकली. मालक म्हणाले, "आई, मी लांब बसून बी माणसं मेलेली बघितल्यात. आता मला जवळ बसू दे." आणि त्यांनी आईला दोन्ही खांद्यांना धरून हळूच बाजूला केलं.

ते माझ्या उशाशी येऊन बसले. सासू समोर असताना नवऱ्यानं माझ्या कपाळावर हात ठेवला आणि सासू काही बोलली नाही. त्यांनी खोपीतली ट्रंक आणवून तीतून दुधाच्या पावडरीचा डबा काढला, गरम पाण्यात कालवून मला चमच्यानं पाजलं. त्या दुधाला पत्र्याचा वास होता. नंतर मी कितीतरी ठिकाणी दूध प्यायले, तसा वास कुठंच मिळाला नाही.

मी जरा उठून बसायला लागले आणि वडील सांगलीहून आले. रेल्वेनं कराडपर्यंत आणि पुढं मोटारीनं. गावाच्या वेशीवर त्यांना कुणी अडवलं, "बर्म्याचा ताप हाय गावात." वडील म्हणाले, "कसला बर्मा? सांगलीत घरोघर हाय. आमच्या पेठेत निम्मी माणसं न्हाईत कामाला. डॉक्टर म्हणाले, फ्लू हाय. आराम करा, गरम पाणी प्या, जातो."

फ्लू. आमच्या गावानं हा शब्द कधी ऐकला नव्हता. वेशीपासून आमच्या घरापर्यंत वडील येईस्तोवर त्याचा फुलू झाला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात फुलू झाला. किती हलकं नाव होतं ते! पोरं ते म्हणत उड्या मारत हिंडायला लागली. आमच्या सोप्यात माणसं यायला लागली, मालकांना बर्म्याच्या गोष्टी विचारायला लागली. वरच्या आळीतला तो शिपाई बरा होऊन पारावर येऊन बसला तर लोकांनी सरकून त्याला जागा दिली. बर्म्याचा ताप हे शब्द परत कुणाच्या तोंडून आले नाहीत. आपण असं म्हणत होतो, हेही कुणाच्या तोंडून आलं नाही. पाटील स्वतः येऊन मालकांशेजारी बसून पान खाऊन गेले.

वडील मला थोडे दिवस सांगलीला न्यायचं म्हणत होते. मी गेले नाही, कारण त्याच आठवड्यात आत्याबाई पडल्या.

त्यांचा ताप फार चढला नाही, पण खोकला छातीत उतरला. मालक त्यांच्याजवळून हलले नाहीत. पाठीला टेकू देऊन बसवायचे, दूध पाजायचे, त्या नको म्हणाल्या की लहान मुलाला सांगावं तसं सांगायचे. एकदा आत्याबाईंनी विचारलं, "मला काय झालंय रं?"

"फुलू झालाय, आई. समद्यांना झाला. जाईल."

आत्याबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "तू म्हंतोस तर फुलू." मग त्यांनी लेकाच्या पिवळ्या पडलेल्या हातावरून आपला हात फिरवला आणि म्हणाल्या, "रंग उतरंल का रं ह्यो?"

"उतरंल की."

"मग बरं."

त्या गेल्या तेव्हा सकाळ होती आणि चुलतदिरांच्या गुऱ्हाळाचं चुलवाण पुन्हा पेटलं होतं. गाव भेटायला आलं. सगळे म्हणाले, तिची छातीच कच्ची होती. कुणी म्हणालं, लेकाला बघायला जीव धरून ठेवला होता. तापानं गेल्या असं एकही माणूस म्हणाला नाही. ताप आता फुलू होता, आणि फुलूनं कोण मरतं? मालकांनी ते सगळं ऐकून घेतलं. रात्रीचं जेवण आम्ही दोघांनी समोरासमोर बसून केलं. मधे कुणी नव्हतं, आणि दोघांनाही बोलता येईना.

पुढं पलटणीतून त्यांची सुटका झाली आणि ते कायमचे रानात रमले. मुलं झाली, नातवंडं झाली. ते भले होते माझ्याशी. पण त्या हिवाळ्याचा विषय निघाला की ते एकच म्हणायचे, "आई जित्ती असताना मी वढ्यापल्याड बसून दिस घालवलं. तितनं घर दिसत हुतं मला." ते दिवस त्यांच्याकडून कुणीतरी काढून घेतले होते, आणि ते त्यांना शेवटपर्यंत परत हवे होते.

मलाही ते परत हवे असतात. तेच दिवस. पाण्यापलीकडं बसलेला, माझं बोलणं संपेपर्यंत न जेवणारा तो पिवळा, वाळलेला माणूस मला नंतर भरल्या घरात फार थोडा मिळाला. कामं होती, माणसं होती, आणि माझ्याशी बोलायची त्यांची सवय हळूहळू मोडली. त्यांच्या दुःखाच्या दिवसांना मी माझे सुखाचे दिवस कसं म्हणणार? ते बोलायला लागले की मी नुसतं हं म्हणायची आणि त्यांच्या पानात कालवण वाढायची.

आता ते नाहीत. ओढ्यावर फरशीचा पूल झाला आहे, मोटारसायकली जातात. थंडी सुरू झाली की घरात कुणीतरी शिंकतं, सून म्हणते फ्लू आहे, गोळी घ्या. मी गोळी घेते. वाकळ ओढून पडते. डोळे मिटले की कधी कधी वाटतं, अजून कुणीतरी पलीकडच्या काठावरून विचारेल, तुला सांगलीची सय येती का गं. मी कितीतरी सांगायचं राहिलेलं जुळवत पडून राहते.